आगीतून सुटलेले सहाजण

बारामतीच्या कॉलेजांतली मुले हल्ली ड्रॅगनवर वाद घालतात. ड्रॅगन आधी की जादू आधी? ड्रॅगन मेले म्हणून जादू मावळली, की जादू मावळली म्हणून ड्रॅगन मेले? अमुक राजपुत्र खरोखर कोणाचा मुलगा? टोल्कीन या इंग्रज प्राध्यापकाने १९५४-५५ साली अंगठीची कादंबरी तीन खंडांत काढली. मार्टिन नावाच्या अमेरिकन लेखकाने १९९६ पासून आपली सिंहासनाची कथा सुरू केली, आणि २०११ ते २०१९ या काळात ती दूरदर्शन मालिकेतून जगभर गेली. तेव्हापासून हे वाद घरोघर पोचले आहेत. मार्टिनची कथा तर अजून पुरीही झालेली नाही, त्यामुळे तर्क लढवायला मैदान मोकळे आहे.

घरातली वडील मंडळी यावर नाक मुरडतात. असल्या विलायती भुताखेतांत काय ठेवले आहे, असा त्यांचा सूर असतो. मला मात्र या मुलांचे कौतुक वाटते. कारण ती जे करतात तो धंदा या गावाला नवा नाही. फार जुना आहे, आणि अतिशय प्रतिष्ठितही आहे.

‘ड्रॅगन’ हा शब्द मुळात ग्रीक, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ मोठा साप. पंख आणि तोंडातली आग त्याला मागाहून मिळाली. सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसण्याची त्याची खोड तर आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. जुन्या वाड्याच्या तळघरात मोहरांचा हंडा आणि हंड्यावर नाग, ही गोष्ट ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणाचे बालपण गेले? तेव्हा ड्रॅगन म्हणजे आपला नागच, परदेशात जाऊन अंगाने जरा सुटलेला. आणि नाग आणि जादू या दोन्ही गोष्टींनी काठोकाठ भरलेले महाकाव्य आपल्या घरात आहे. त्या महाकाव्याची बारामतीला एके काळी जितकी उठाठेव झाली तितकी फार थोड्या गावांत झाली असेल.

मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. जन्म १७२९. ऐन तारुण्यात ते बारामतीला आले आणि बाबूजी नाईक जोश्यांच्या आश्रयाला पुराणिक म्हणून राहिले, ते १७९४ साली मरेपर्यंत. नाईक म्हणजे पेशव्यांचे व्याही. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई या घरात दिली होती. कऱ्हेच्या काठी नाईकांचा वाडा अजून उभा आहे. त्या आश्रयाखाली पंतांनी सुमारे पाऊण लाख कविता रचली आणि अख्खे महाभारत आर्यांत उतरवले. पुराणिकाचे काम केवळ पोथी वाचण्याचे नसते, श्रोत्यांच्या शंकांना उत्तर देण्याचेही असते. ‘पंत, तक्षक साप होता म्हणता, मग तो ब्राह्मणाशी बोलला कसा?’ असे विचारणारा एखादा तरी वाणी किंवा शिलेदार त्या श्रोत्यांत बसला नसेल, हे मला पटत नाही.

पंत स्वतःही काही कमी जादूगार नव्हते. त्यांनी एकशे आठ रामायणे लिहिली असे परंपरा सांगते. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त प-फ-ब-भ-म यांपैकी एकही अक्षर नाही, म्हणजे सगळे रामायण म्हणताना ओठाला ओठ लागत नाही. राम या नावातच ‘म’ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा खेळ किती अवघड ते कळेल! ‘मंत्ररामायणा’त तेरा अक्षरी राममंत्राची अक्षरे ओळीने गुंफली आहेत. वरून कथा, आतून मंत्र. आधुनिक विद्वानांनी याला शब्दांच्या कसरती म्हणून नावे ठेवली. ठेवोत बापडे. पण ग्रंथाच्या पोटात दुसरा ग्रंथ लपलेला असतो ही समजूत पंतांच्याही आधीची आहे. वाल्मीकीच्या चोवीस हजार श्लोकांत दर हजाराव्या श्लोकाला गायत्रीमंत्राचे एकेक अक्षर येते, असे जुने लोक मानत आले. आजची मुले कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात शेवटच्या प्रकरणाची खूण शोधतात, त्याचीच ही सोवळ्यातली आवृत्ती.

महाभारतातल्या लपवालपवीची कथा तर बारामती तालुक्याच्या कुलदैवताशीच येऊन भिडते. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे असे ठरले. लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची. मग दम खाण्यासाठी व्यास मधूनमधून एखादा कूट श्लोक टाकीत आणि गणपती डोके खाजवीत बसे. असे गाठीचे श्लोक आठ हजार आठशे! या आकड्यावर काही पाश्चात्त्य पंडितांनी केवढी इमारत उभारली पाहा. मूळचे महाभारत आठ हजार आठशे श्लोकांचेच होते, असे त्यांनी ठरवून टाकले. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची संशोधित आवृत्ती हाती घेतली. डॉ. सुकथनकर, बेलवलकर, वैद्य अशा संपादकांच्या हाताखाली १२५९ हस्तलिखिते तपासली गेली आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. त्या आवृत्तीत गणपती लेखकाची कथा मूळ संहितेत बसली नाही. ती मागाहून आलेली म्हणून परिशिष्टात गेली, आणि तिच्याबरोबर तो आकडाही गेला.

मोरगावच्या मयूरेश्वराचे त्यामुळे काही बिघडले नाही. तेथील गणपतीचे वाहन मोर आहे आणि मूर्तीच्या डोक्यावर मात्र नागाचा फणा. मोर आणि नाग एकाच गाभाऱ्यात! मूळ मूर्ती पांडवांनी सुरक्षित दडवून ठेवली असेही तेथे सांगतात. आणि पंतांचे पाळण्यातले नाव मोरेश्वर, कवितेतली मुद्रा ‘मयूर’. सापांच्या या प्रचंड कथेला मराठीत घरोघर नेणारा मोरच निघावा, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

आता प्रत्यक्ष कथेकडे वळू. महाभारताची सुरुवात कुरुक्षेत्राने होत नाही, सापांनी होते. आदिपर्वाचा आरंभीचा मोठा भाग कद्रू आणि विनता या सवतींची पैज, सापांना आईचाच शाप, गरुडाने आणलेले अमृत आणि जनमेजयाचा सर्पसत्र यांनी व्यापला आहे. नव्या वाचकाला वाटते, हे कोठून मध्येच आले? युद्धाची गोष्ट सांगा की! पण ज्या यज्ञात साप जळत होते त्याच यज्ञात, कर्मांच्या मधल्या वेळात, वैशंपायनाने हे सारे महाभारत सांगितले आहे. ऐकणारा राजा जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. एका बाजूला कुंडात साप कोसळताहेत आणि दुसऱ्या बाजूला राजा आपल्या पणजोबांची कीर्ती ऐकतो आहे, अशी ही बैठक आहे.

हा जनमेजय तर्कबाज वाचकांचा मूळपुरुष शोभावा असा आहे. त्याचा बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला. मंत्र्यांनी त्याला हकीकत सांगितली ती अशी: राजाला वाचवायला काश्यप नावाचा विषवैद्य ब्राह्मण निघाला होता. वाटेत त्याला तक्षक भेटला. तक्षकाने त्याची परीक्षा पाहण्यासाठी एका वडाला दंश केला, झाड जळून राख झाले. काश्यपाने मंत्राने त्या राखेतून अंकुर, पाने, फांद्या असा सबंध वड पुन्हा उभा केला. तक्षकाने ओळखले की याच्यापुढे आपले चालणार नाही. मग त्याने काय करावे? राजाकडून मिळेल त्याहून अधिक धन काश्यपाच्या पदरात टाकले आणि ब्राह्मण निमूट घरी परतला. सगळ्या जादूवर मात करणारी ही युक्ती त्या काळीही ठाऊक होती, एवढाच याचा अर्थ.

हे ऐकून जनमेजय चटकन विचारतो, निर्जन रानात दोघांत झालेले बोलणे तुम्हांला कळले कसे? वाचकहो, हा प्रश्न ग्रंथातच आहे! आणि उत्तरही आहे. त्या वडावर वाळक्या काटक्या तोडायला एक माणूस चढला होता. तो झाडाबरोबर जळाला, झाडाबरोबरच जिवंत झाला आणि गावात येऊन बोलला. महाकाव्याच्या कर्त्याला आपला श्रोता कोठे अडेल याची पुरती जाणीव होती. म्हणूनच, ज्या ठिकाणी त्याने उत्तर दिलेले नाही ते ठिकाण त्याने विसरून सोडले, असे मानायला मी तयार नाही.

असे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे खांडववन.

यमुनाकाठच्या या अरण्यात तक्षकाची वस्ती होती. अग्नी भुकेल्या ब्राह्मणाच्या रूपाने आला आणि त्याने कृष्णार्जुनांकडे हे वन खायला मागितले. इतका मोठा घास भरवायचा तर हत्यारेही तशीच हवीत. अग्नीने ती वरुणाकडून आणवली: गांडीव धनुष्य, कधी न सरणारे दोन भाते, वानरध्वजाचा रथ, आणि कृष्णासाठी चक्र. मग दोघांनी वनाच्या दोन बाजू धरल्या आणि बाहेर पळणारा प्रत्येक जीव मारला किंवा आगीत परतवला. वाचले फक्त सहाजण. पहिला तक्षकाचा मुलगा अश्वसेन. त्याच्या आईने त्याला गिळून आकाशात झेप घेतली, अर्जुनाने तिचे मस्तक उडवले, पण इंद्राच्या वावटळीत पोर निसटले. दुसरा मय नावाचा असुर, अर्जुनाला शरण गेला म्हणून सुटला. आणि शार्ङ्गक पाखरांची चार पिल्ले. त्यांना पंख फुटले नव्हते, त्यांनी अग्नीची स्तुती केली आणि त्याने त्यांना वगळले. तक्षक स्वतः त्या वेळी कुरुक्षेत्राला गेलेला होता.

आता या आगीतून काय काय बाहेर पडले याचा हिशोब मांडू. गांडीव बाहेर पडले, ज्याने पुढे युद्ध जिंकले. मय बाहेर पडला. त्याने उपकाराची फेड म्हणून युधिष्ठिराला मायावी सभा बांधून दिली. त्या सभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला, पांडव हसले, तो जळफळला, आणि तेथून द्यूत, वनवास आणि युद्ध. (द्रौपदीच्या तोंडचे ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य मात्र संशोधित आवृत्तीत नाही. कीर्तनकारांनी कृपा करून ते आता तिच्या माथी मारू नये.) अश्वसेन बाहेर पडला. तो वर्षानुवर्षे दबा धरून राहिला आणि कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाच्या कंठाकडे आला. कृष्णाने रथ दाबून घोडे गुडघ्यांवर बसवले म्हणून अर्जुनाच्या मानेऐवजी किरीट गेला. ‘मला पुन्हा सोड’ असे अश्वसेनाने कर्णाला विनवले तेव्हा कर्णाने दुसऱ्याच्या बळावर जय नको म्हणून नकार दिला. आणि तक्षक, ज्याची बायको त्या दिवशी मेली, तो अर्जुनाच्या नातवाला डसला. त्याचा सूड म्हणून अर्जुनाच्या पणतूने सापांचा यज्ञ मांडला. एका आगीने सुरुवात झाली आणि दुसऱ्या आगीपाशी कथा येऊन थांबली.

तेव्हा ‘ड्रॅगन आधी की जादू आधी’ या प्रश्नाला महाभारताचे उत्तर असे दिसते की दोन्ही एकाच दिवशी, एकाच जळत्या रानातून आली. ज्या हाताला दिव्य शस्त्र मिळाले त्याच हाताच्या वंशाला नागाचे वैर मिळाले. हा माझा तर्क. पण तो मांडण्याआधी थोरामोठ्यांचे तर्क तपासले पाहिजेत, कारण त्यांची चलती अधिक आहे.

नागांविषयी दोन पक्ष आहेत. फर्ग्युसन या स्कॉटिश संशोधकाने १८६८ साली असे मांडले की नाग म्हणजे साप नव्हेत, सापांची पूजा करणारी माणसे. आपल्याकडच्या अनेक इतिहासकारांनी हे उचलले. तक्षशिला आणि तक्षक ही नावे जुळतात, नागकन्या उलूपी अर्जुनाशी लग्न लावते, मग ती सरपटणारी कशी असेल? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण फोगेल या डच पंडिताने १९२६ साली नागकथांचे मोठे पुस्तक लिहिले आणि दाखवले की या कथांतला नाग मुळात सापच आहे. बीळ, कात, फणा, विष आणि पाणी हे सगळे त्याच्यासोबत आहेच.

इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. १९६७ चे हे पुस्तक, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाई मानवशास्त्रज्ञ. विदुर हाच युधिष्ठिराचा खरा बाप असावा, हा त्यांचा तर्क तर ड्रॅगनवाल्या मुलांना गुरुस्थानी मानावा इतका धीट आहे. खांडवदाहाबद्दल त्यांनी विचारले की हे कशासाठी? त्यांना दिसले ते असे, की शेतीसाठी आणि नव्या वस्तीसाठी रान साफ करण्याचा हा उद्योग होता, आणि तेथे राहणाऱ्यांना ठरवून संपवण्यात आले. कृष्णार्जुनांच्या कीर्तीची भीड बाईंनी ठेवली नाही.

इरावतीबाईंनी कोणते बोट कोठे ठेवले हे बारामती-इंदापूरच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर समजावे. हा मुलूख पूर्वी कोरडा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला, १८८५ च्या सुमारास पाणी खेळू लागले, आणि माळरानाचा ऊस झाला. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले. १९८० पासून इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला पाणीच पाणी दिसते. त्या पाण्याखाली जुनी गावे आहेत. उन्हाळ्यात पाणी फारच हटले की पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर येते आणि लोक बघायला जातात. कोणाचे तरी रान, कोणाचे तरी गाव गेल्याशिवाय नवे इंद्रप्रस्थ उभे राहत नाही. महाभारतकाराने ही गोष्ट लपवली नाही, इतकेच. विजेत्याच्याच पणतूला त्याने ती ऐकायला लावली.

आता अस्त्रांविषयी. या बाबतीत सर्वांत लाडका तर्क म्हणजे ब्रह्मास्त्र हा अणुबाँब होता. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. त्या प्रकल्पाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख ओपेनहायमर संस्कृत शिकलेला होता आणि त्या क्षणी आपल्याला गीतेतला अकरावा अध्याय आठवला असे त्याने पुढे सांगितले. झाले! विश्वरूपदर्शन म्हणजे स्फोटाचा लोळ, असे समीकरण बसले. १९६८ मध्ये डेनिकेनने देवांना अंतराळयानांतून उतरवले आणि या तर्काला पंख फुटले. प्रेतांचे केस आणि नखे गळाली, मडकी आपोआप फुटली, असा ‘महाभारतातला उतारा’ तेव्हापासून छापला जातो आहे. मूळ ग्रंथ उघडून पाहावा. ही वर्णने मौसलपर्वातली आहेत. यादवांच्या नाशाआधी द्वारकेत जे अपशकुन झाले त्यांत उंदीर रात्री झोपलेल्या लोकांचे केस आणि नखे कुरतडीत, असे म्हटले आहे. किरणोत्सर्ग नव्हे, उंदीर!

युद्धाच्या तारखेचेही तसेच. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी ती इसवी सनापूर्वी ३१०१ धरली. पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक यांनी इसवी सनापूर्वी ५५६१, सोळा ऑक्टोबर, असा दिवससुद्धा काढून दिला. दोघांत चोवीसशे साठ वर्षांचे अंतर आहे. निवडणाऱ्याने निवडावे.

अग्निबाणाचा हा वाद खरे म्हणजे इंदापूर तालुक्याने केव्हाच निकालात काढायला हवा होता. नीरेकाठच्या कळंब गावाजवळ वालचंद हिराचंदांनी १९३० नंतरच्या वर्षांत वसवलेले वालचंदनगर आज साखरेपुरते राहिलेले नाही. तेथे अवकाशसंस्थेच्या अग्निबाणांची पोलादी कवचे घडतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या अग्निबाणाच्या अजस्र बूस्टरचे भागही या कारखान्याने केले. अशा कवचासाठी खास जातीचे पोलाद लागते, प्रचंड पत्रे वाकवावे लागतात, जोडाची रेष न् रेष तपासावी लागते. हे करणाऱ्या फिटर-वेल्डरला विचारा, की अग्निबाण करणाऱ्या संस्कृतीमागे काय काय शिल्लक राहील? तो सांगेल: भट्ट्या, साचे, मोजमापे आणि भंगाराचे डोंगर. महाभारतात यातले काहीच नाही. मग महाभारतात अस्त्राबद्दल आहे काय?

आहेत ते नियम, आणि ते फार विचारपूर्वक केलेले आहेत. अस्त्र धातूचे नसते, मंत्राचे असते. ते गुरूकडून मिळते आणि स्मरणात राहते. ते सोडणे सोपे, परत घेणे अवघड. अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडले. अर्जुनाने आपले सोडलेले परत घेतले, कारण त्याचा आत्मसंयम तसा होता. अश्वत्थाम्याला घेता येईना, म्हणून त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. उत्तरेच्या पोटातला परीक्षित मेलेला जन्मला आणि कृष्णाने त्याला जिवंत केले. कर्णाला परशुरामाचा शाप होता की ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही. आणि शेवटी, कृष्ण गेल्यावर, यादवस्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीरांनी लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला केला तेव्हा त्याला एकही अस्त्र आठवेना. कधी न सरणारे भातेही सरले. ज्याने खांडव जाळले त्याच्या डोळ्यांदेखत लुटारूंनी बायका नेल्या. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी पुन्हा आडवा आला आणि म्हणाला, गांडीव परत कर. अर्जुनाने ते पाण्यात टाकले. उसने आणलेले होते, ते ज्याचे त्याला गेले.

अस्त्राचा अणुबाँब केला की हा सगळा नियमांचा भाग अडगळीत जातो. विसर, संयम, शाप, परतफेड यांना यंत्रात जागा कोठे? नागांची केवळ टोळी केली की विष आणि कात जाते, केवळ साप केले की उलूपीचे लग्न आणि तक्षकाचे दुःख जाते. महाभारतकाराने नागाला मुद्दामच दोन्ही ठेवले असावे. सापाला मारताना कोणाला काही वाटत नाही. माणसाला मारताना वाटते, निदान वाटायला हवे. तो मरणारा नेमका कोण हे ठरवता येऊ नये, अशीच त्याची रचना आहे, असे मला वाटते.

माझ्या या तर्काला आधार पोथ्यांत शोधायची गरज नाही. नागपंचमीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. शेतकरी नांगर धरतो, नांगराच्या फाळाने वारुळातली नागाची पिल्ले मरतात, नागीण येऊन सबंध घराला डसते. मग राहिलेल्या लेकीला डसायला ती तिच्या सासरी जाते. तेथे लेक पाटावर चंदनाचे नाग काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून हात जोडून बसलेली असते. नागीण प्रसन्न होते, अमृत देते, घर जिवंत होते. हा खांडवच आहे, एका शेताएवढा! जमीन फोडली, पिल्ले मेली, सूड निघाला. आणि तो थांबला तो दोन्ही घरांशी नाते ठेवणाऱ्या एका मुलीमुळे. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, चिरायचे नाही.

सर्पसत्रही असाच थांबला. वासुकीची बहीण जरत्कारू हिचा मुलगा आस्तिक, बाप ब्राह्मण आणि आई नागाची, कोवळ्या वयाचा पोर, यज्ञमंडपात येतो. हातात शस्त्र नाही. खांडवातल्या पिल्लांप्रमाणे तोही स्तुती करतो. राजा खूश होऊन वर देतो. तक्षक आकाशातून कुंडाकडे ओढला जात असतो. आस्तिक त्याला ‘थांब, थांब’ म्हणतो, तक्षक मध्येच अधांतरी थांबतो, आणि पोर राजाकडे यज्ञ बंद करण्याचे दान मागते. सापांनी मागाहून आस्तिकाला वचन दिले की तुझी आठवण ठेवणाऱ्याला आम्ही भय देणार नाही.

ऊस तुटून गेल्यावर बारामती-इंदापूरच्या शिवारांत अजूनही काही ठिकाणी पाचट पेटवतात. पेटवू नका, कुजवा, जमीन सुधारते, असे शेतकी खाते कधीपासून कानीकपाळी ओरडते आहे. फडाच्या कडेने आग लावली की आधी उंदीर-घुशी निघतात. घारी आणि कोतवाल वर गोळा होतात. मग कधी नाग, कधी घोणस, धुराने गुंगलेली, बांधाकडे सरकते. कोयता हातात असलेला गडी दोन पावले मागे येतो. काही घरांत अशा वेळी आस्तिकाचे नाव घेण्याची रीत आहे. नाव घ्यायचे, आणि बांधावरची वाट सोडून बाजूला उभे राहायचे, साप पलीकडच्या उभ्या उसात जाईपर्यंत.